कारभाऱ्याचे उपास

आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत देवभक्तांना तोटा नाही, पण उपासाच्या बाबतीत कारभाऱ्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी हे तर सगळ्यांचेच असतात. कारभाऱ्याचे त्यापलीकडचे असत. कुणी शुक्रवारी वास्तुशांतीला जेवायला बोलावलं, की ह्याचा शुक्रवार निघे. मंगळवारी जावळाचं आमंत्रण आलं, की मंगळवार कडक. कंपनीतल्या साहेबाच्या निरोपाची पार्टी शनिवारी ठरली, तर मारुतीचा. मी एकदा त्याला ओट्यावर गाठून म्हणालो, "कारभारी, तुझा बुधवार तेवढा मोकळा दिसतो रे. त्याला एखादा देव मिळंना व्हय?" तर खाली मान घालून म्हणाला, "बघतो नाना एखादा."

गल्लीतल्या बायका त्याच्या बायकोला, द्वारकाबाईला म्हणत, नवरा मिळावा तर असा, संत माणूस. द्वारकाबाई पदर सारखा करी आणि नळाला पाणी आलं का बघायला जाई. तिला ठाऊक होतं, की हा संत घरचं दार लोटून घेतलं की चार भाकरी आणि ठेचा हाणतो. मग तो सोमवार असो की महाशिवरात्र.

गोष्ट साधी आहे, पण सांगायला लाजिरवाणी, म्हणून तर एवढे देव मध्ये घालावे लागले. कारभाऱ्याला चार माणसांत बसलं की मळमळतं. घरात नाही. कंपनीच्या स्टोअरमध्ये नटबोल्टांच्या मांडण्यांत एकटा असला की नाही. माझ्यासोबत बसून तासभर गल्लीतल्या सुनांची उणीदुणी काढली तरी नाही, उलट तेव्हा त्याला भूकच लागायची. पण अंगावर इस्त्रीचा शर्ट आला, समोर सतरंजी अंथरली गेली, तिच्यावर परकी माणसं मांडी घालून बसली आणि त्यातल्या एकानं "घ्या की पाव्हणं" म्हणून ताट पुढं सरकवलं, की ह्याच्या पोटात कुणीतरी रवी घुसळायला लागतं. कानशिलं गार पडतात. तोंडात पाणी सुटतं, ते भुकेचं नव्हे. मग घास सोडाच, चहाची बशी ओठाला लागली तरी सगळं उलटं वर येतं. आणि आपल्याकडं पाहुणचार म्हणजे आग्रह. नको म्हटलं की आणखी एक पोळी, हात आडवा धरला की हातावर वरण. पोट भरलंय म्हणणाऱ्याला मराठवाड्यात कुणी सोडत नाही. सोडतात ते एका निर्जळी उपासवाल्याला.

हा शोधही त्याचा स्वतःचा नव्हे. करमाडला त्याचं लग्न लागलं, जेवणाच्या वेळी नवरानवरीनं एकमेकांना जिलबी भरवायची, भोवती बायांचा गराडा, आणि नवरदेव पांढराफटक. द्वारकाबाईचा हात जिलबीसकट अधांतरी राहिला. बाया खिदळायला लागल्या. तेवढ्यात त्याची आत्या आवडाबाई मागून म्हणाली, "आगं, आज गुरुवार न्हाय का. पोराचा उपास आसंल." म्हातारीनं भाच्याची लाज झाकायला हाताला लागली ती चिंधी टाकली. ह्यानं ती जन्मभर पांघरली.

जिथं उपास चालत नसे, तिथं दुसरी तयारी असे. शर्टाच्या खिशात एक लिंबू. नखानं सालीला ओरखडा काढायचा आणि घाम पुसायचं निमित्त करून हात नाकाशी न्यायचा. तोंडात वेलची. बसायचं ते दाराजवळ. आणि दाराबाहेर गयास. हा गयास आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतो, पूर्वी कारभाऱ्याच्याच कंपनीत होता, आता रिक्षा चालवतो. टाळता न येण्यासारखं लग्न असलं, की गयासची रिक्षा मंगल कार्यालयाच्या फाटकाशी तोंड रस्त्याकडं करून उभी. आत अक्षता पडल्या की कारभारी बाहेर, रिक्षात, आणि पुढच्या वळणावर गटाराच्या काठाला. गयास त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचा, "क्या कारभारी भाई, लोगां जंग में शहीद होते, तुम पोहे पे हो जाते." ह्यावर कारभारी ओकता ओकता हसायचा. त्या दुखण्यावर त्याला हसता यायचं ते फक्त गयाससमोर.

दवाखाने झाले नाहीत असं नाही. एकानं पित्त म्हणून वर्षभर गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं घशातून दुर्बीण घालून पोट बघितलं आणि म्हणाला, पोट तर पोरासोरासारखं आहे. तिसरा तरुण होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, काका, हे पोटाचं नाही, मनाच्या डॉक्टरांना दाखवा, बरं होतं. कारभारी तयार होता. द्वारकाबाईनं घरी आल्यावर दार लोटून घेतलं. "येड्याच्या डाक्टरकडं बाप जातो म्हणून गल्लीत कळलं, तर पोरगी कोण करीन आपली? आधी अपेक्षाचं उजवू. मग जा कुठं जायचं तिथं." आणि कारभाऱ्यानं मान हलवली. मान हलवण्यात तो पहिल्यापासून पटाईत.

अपेक्षा ही एकुलती एक. बीएस्सी करून एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. बापाचं रक्त तिनं इतक्यांदा तपासलं होतं, की कारभारी म्हणे, आता माझ्यात उरलं तेवढंच आहे. शाळेत होती तेव्हाच तिला सगळं उमजलं होतं. पालकांच्या सभेला बाप फाटकापर्यंत येई आणि थांबे, तर ही चिमुरडी आत जाऊन बाईंना सांगे, "अप्पांचा उपास आहे, त्यांना चक्कर येते." गॅदरिंगला बक्षीस मिळालं, तेव्हा ते घेऊन ती आधी कुंपणाकडं पळाली, कारण बाप कुंपणाच्या जाळीला तोंड लावून उभा होता. जाळीतून त्यानं तिच्या डोक्यावरून दोन बोटं फिरवली. हे मी ऐकलेलं नाही. माझा नातू त्याच शाळेत होता, मी आतल्या खुर्चीवर बसून फुकटचा चहा पीत होतो.

तर अशा अपेक्षाला पैठणचं स्थळ आलं. मुलगा सत्यम, शेंद्र्याला कंपनीत इंजिनिअर, शांत पोरगा. मुलाचे वडील साहेबराव म्हणजे भारदस्त माणूस, गळ्यात माळ, पांढरंशुभ्र धोतर, आवाज असा की कुजबुजले तरी शेजारच्या गल्लीला निरोप पोचावा. त्यांची एकच अट. त्यांचा धाकटा भाऊ दारूनं गेला होता, तेव्हा दारूच्या घरात सोयरीक करायची नाही. त्यांनी चौकशी केली. गल्लीत जो भेटला त्यानं सांगितलं, दारू? अहो, तो माणूस अन्नसुद्धा खात नाही.

बघायच्या कार्यक्रमाला ते आमच्या गल्लीत आले. तो दिवस कारभाऱ्यानं निभावला, कारण स्वतःच्या घरात यजमानाला बसावं लागत नाही. तो सारखा आतबाहेर करत राहिला, पाणी आण, पोहे दे, पंखा वाढव. साहेबरावांना वाटलं, केवढा सेवाभाव. जाताना माझा हात धरून म्हणाले, "असा व्याही मिळायला भाग्य लागतं. नाना, ह्या माणसाला मी माझ्या हातानं घास भरविणार. सुपारी आमच्या दारात फोडू." आणि पैठणला जाऊन त्यांनी तारीख कळवली. फोन द्वारकाबाईनं घेतला होता, पण साहेबरावांचा आवाज मला माझ्या ओट्यावर ऐकू आला. "वहिनी, पंचांग घेऊनच बसलो व्हतो. सोमवार नाय, गुरुवार नाय, चतुर्थी-एकादशी कायच नाय. बुधवार धरलाय. त्या दिवशी व्याही जेवले पायजेत."

मी पुढं कधी बुधवारावरून त्याची थट्टा केली नाही.

सुपारीच्या आदल्या दिवसापासून कारभाऱ्याच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. पैठणला रिक्षा नेणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून गयासही आमच्याबरोबर भाड्याच्या क्रूझर जीपमध्ये बसला. रस्ताभर कारभारी खिडकीतून बाहेर बघत होता आणि खिशातलं लिंबू दाबत होता. बिडकीन आलं तेव्हा हळूच म्हणाला, "नाना, आजचा दिवस तेवढा जाऊ द्या. मग मी डॉक्टरकडं जाणारय. आजचा तेवढा." त्याच्या चुलत भावानं, काकासाहेबानं ते ऐकलं. हा काकासाहेब म्हणजे उलट तऱ्हा. माईक दिसला की ह्याचं पोट साफ. तो म्हणाला, "कारभारी, उगं तोंड पाडू नगं. पोरीचा बाप हायेस, मयताला चालल्यासारखा बसू नगं."

साहेबरावांच्या दारात मांडव घातला होता आणि अर्धं पैठण त्यात बसलं होतं. कारभारी सवयीनं दाराकडची जागा बघायला लागला, तर साहेबरावांनी त्याला दंडाला धरून थेट पुढच्या गादीवर नेलं, तक्क्याला टेकवलं. फेटा बांधला, तोही असा आवळून की भुवया वर गेल्या. हार घातला. सुपारी फुटली, नारळ झाले, साखरेची पुडी झाली. तोवर तो टिकला. मी बघत होतो, त्याच्या गालात वेलची इकडून तिकडं फिरत होती. आता व्याहीभेट. साहेबरावांनी त्याला कवटाळलं आणि पेढा पुढं केला. त्यानं डोळे मिटले, तोंड उघडलं, पेढा आत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, सुटला.

तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "काका, परत एकदा. नीट आला नाही. कॅमेऱ्याकडं बघून भरवा."

साहेबरावांनी दुसरा पेढा उचलला. कारभाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मग गयासकडं. मग मांडवाच्या तोंडाकडं, तिथं बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. पेढा ओठाला लागला आणि सगळं साहेबरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आलं.

फेटा सुटून कारभाऱ्याच्या गळ्यात आला होता. तो गुडघ्यावर बसला तसं खिशातलं लिंबू निसटलं आणि गादीवरून गडगडत पाहुण्यांच्या पायाशी गेलं. एका म्हाताऱ्यानं ते उचलून वास घेतला. म्हणाला, "आन् लिंबू कशाला बाळगलंय?" बायकांमधून कुणीतरी उत्तर दिलं, "तोंडात येलची बी हाये. मघाच वास आला मला."

आता तुम्हीच बघा. लिंबू, वेलची, दाराजवळची जागा, घामेजलेलं तोंड, आणि सकाळी सकाळी ओकारी. आपल्या मुलखात ह्याचा दुसरा अर्थ कुणी लावत नाही. दारुड्याला जे जे लागतं, ते ते सगळं ह्या न पिणाऱ्या माणसानं वर्षानुवर्षं स्वतःच जमवून ठेवलं होतं.

साहेबराव सदरा बदलून आले आणि आम्हाला आतल्या खोलीत घेतलं. द्वारकाबाई, काकासाहेब आणि मी. कारभारी दारात, भिंतीला टेकून. साहेबराव पहिल्यांदाच हळू बोलले. "वहिनी, मी वरडणार नाय. खरं तेवढं सांगा. घेतात का?"

द्वारकाबाईनं तोंड उघडलं, तसा काकासाहेब तिच्या कानाशी वाकला. त्याला वाटलं तो कुजबुजतोय, पण माईकवाल्याचं कुजबुजणं ते. "आजार म्हणलीस तर मोडलंच समज. म्हणतील पोरीत उतरंल. डोक्याचं म्हणलीस तर इचारूच नगं. घेतात म्हण. दारू काय रगतातून उतरत नाय."

ती बाई नवऱ्याकडं बघत राहिली. मी तिला ओळखतो, तिचं तोंड सरळ आहे, तिला खोटं जमत नाही. पण त्या वेळी मांडवातून अपेक्षाच्या बांगड्यांचा आवाज आला, ती कुणालातरी "मला आत जाऊ द्या" म्हणत होती. द्वारकाबाई म्हणाली, "घेतात. पण सोडणार हायेत."

साहेबराव खाली बसले. मला वाटलं, उठतील आणि नारळ परत करतील. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाले, "माझा भाऊ एकदा तरी सोडतो म्हणला असता, तर मी त्याचे पाय धरले असते. कारभारी, सोडता का?"

कारभारी म्हणाला, "सोडतो."

अपेक्षा आत घुसली ती तेव्हा. "अप्पा, काय बोलताय? मी सांगते त्यांना." कारभाऱ्यानं तिच्यापुढं हात जोडले. बापानं लेकीपुढं जोडावेत तसे नव्हते ते. म्हणाला, "नगं बाई. जमलंय ते मोडू नगं."

मग साहेबरावांनी देव्हाऱ्यातली एक माळ आणली आणि मांडवात, सगळ्यांसमोर, त्याच गादीवर कारभाऱ्याच्या गळ्यात घातली. त्याला म्हणायला लावलं, की मी आजपासून दारूला शिवणार नाही. ज्या माणसानं आयुष्यात सोड्याची बाटलीसुद्धा दुसऱ्याकडून उघडून घेतली, त्यानं ते मोठ्यानं म्हटलं. पोट रिकामं झालं होतं, म्हणून आवाज स्वच्छ लागला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, मघापेक्षा जास्त. फक्त साहेबरावांनी एक अट घातली, भाऊबंदांच्या समाधानासाठी: लग्नात बापानं पुढं यायचं नाही. कन्यादान काकासाहेब करील. वर्षभर माळ टिकली तर पुढचं पुढं.

परतीच्या वाटेवर कारभारी माझ्याशेजारी होता. मी म्हटलं, "गड्या, वाईट झालं." तो म्हणाला, "नाना, लगनात पुढं जायचं नाय म्हणले, तसं पोटातलं सगळं खाली बसलं बघा. एकदम हलकं वाटलं." थोड्या वेळानं म्हणाला, "मी असला कसा वो बाप." गयासनं पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यानं मांडीवर धरून ठेवली.

सुपारी ते लग्न ह्या मधल्या काळात आमच्या गल्लीनं काय कमी केलं म्हणता? जी माणसं संत म्हणत होती, ती आता म्हणायला लागली, तरीच म्हटलं रोज कसा उपास. दार लावून बसायचा, तो कशाला बसायचा, ते आत्ता कळलं. द्वारकाबाईनं घरातली वेलची डब्यातून काढून टाकली आणि लिंबू तर उंबऱ्याच्या आत येऊ देईना, पुरावा नको म्हणून. आणि वर ही गंमत, की ज्यांचे नवरे खरोखरच पितात, त्या बाया आपापल्या नवऱ्यांना ह्याच्याकडं पाठवायला लागल्या. काका, तुम्ही कशी सोडली, तेवढं ह्यांना सांगा. मी पाहिलंय, एक दांडगा गडी ओट्यावर ह्याच्यासमोर रडत बसला होता आणि कारभारी त्याला समजावत होता, "सकाळी उठून गार पाणी पीत जा." एकट्यादुकट्याशी त्याला चांगलं बोलता यायचं. तो गडी महिनाभर प्यायला नाही. बायकोनं येऊन कारभाऱ्याचे पाय धरले, तर हा आत जाऊन पलंगावर पडला.

लग्न बीड बायपासच्या एका मंगल कार्यालयात लागलं. बाप फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, पाण्याच्या टँकरच्या सावलीत, गयासच्या रिक्षात. मंगलाष्टकं भोंग्यावरून ऐकू येत होती. त्यानं मुठीत अक्षता घेतल्या होत्या, त्या "सावधान" झालं की रिक्षाच्या समोरच्या काचेवर टाकत होता. आत काकासाहेबाला कन्यादान करताना फोटोवाल्यानं चारदा हात धरायला लावला, तो चारदा खुशीत धरत होता. मी तिथून उठून बाहेर आलो. गयास आतून ताट घेऊन आला. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी, जिलबी.

आणि कारभारी जेवला हो. रिक्षाच्या मागच्या सीटवर मांडी घालून, बघायला कुणी नाही, आग्रहाला कुणी नाही, सगळं ताट स्वच्छ केलं. जिलबी शेवटी खाल्ली. गयास मला म्हणाला, "देखो नाना, पहली बार शादी का खाना खाया भाई ने." कारभारी बोटं पुसत म्हणाला, "चांगलं केलंय रे जेवण. मीच आचारी ठरवला व्हता."

मग पाठवणी. मी म्हटलं, आता मात्र उतर, पोरगी जाईल. तो उतरला. शर्ट सारखा केला, माळ आत टाकली, पुन्हा बाहेर काढली. फाटकातून नवरानवरी बाहेर आली. सत्यमच्या हातात कट्यार, टोकाला लिंबू. अपेक्षा गाडीकडं वळायच्या ऐवजी थांबली. तिनं इकडंतिकडं बघितलं, टँकर दिसला, रिक्षा दिसली. ती सत्यमला काहीतरी म्हणाली आणि कट्यारीच्या टोकाचं लिंबू उपसून घेतलं. पोरगा समजूतदार, त्यानं काढू दिलं. मग ती लिंबू मुठीत धरून, शालू सावरत, सरळ बापाकडं निघाली.

एकटी आली असती तर. तिनं मागं वळून हातानं थांबा म्हणूनही सांगितलं. पण थांबतंय कोण? दारुड्या बाप लेकीला कसा भेटतो, हे बघायचं होतं ना सगळ्यांना. तिच्यामागं द्वारकाबाई, तिच्यामागं साहेबराव आणि भाऊबंद, बाया, पोरंसोरं, हातात उंचावलेले मोबाईल, आणि डोक्यावर फोटोवाल्याचा घोंघावणारा ड्रोन. अख्खं वऱ्हाड रस्त्याच्या कडेनं चालत आलं.

कारभाऱ्याचा हात खिशाकडं गेला. खिसा रिकामा होता. मी त्याच्या शेजारी उभा होतो, त्याच्या कानशिलावरचा घाम मला दिसला. तो दोन पावलं मागं सरला आणि रिक्षात बसला. "गयास, चल."

"अरे भाई, बच्ची आ री. रुको ना."

"चल म्हणतो ना."

गयासनं माझ्याकडं बघितलं. त्यानं किक मारली. रिक्षा धूळ उडवत बायपासला लागली, आणि मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीतून कारभाऱ्याची वाकलेली पाठ तेवढी दिसली.

अपेक्षा येऊन माझ्यासमोर उभी राहिली. रडली नाही. मेंदीच्या हातातलं लिंबू माझ्या हातात देऊन म्हणाली, "नाना, अप्पांना द्या." मागून एक बाई दुसरीला म्हणाली, "बघ, पोरीला बी ठावं हाये. बापाला उतारा द्यायला आली व्हती."

ते लिंबू मी त्याच संध्याकाळी नेऊन दिलं. कारभाऱ्यानं ते हातात घेतलं नाही. दोन दिवस खिडकीत पडून होतं, मग द्वारकाबाईनं त्याचं सरबत केलं आणि तिनं एकटीनंच पिलं.

मनाच्या डॉक्टरकडं जायचं राहिलंच होतं. तेही झालं, पण कसं, ते ऐका. लग्नातून पळाला म्हणजे ह्यानं माळ मोडली, असं साहेबरावांनी धरलं. दुसऱ्या कुणी संबंध तोडले असते. हे गाडी घेऊन मुकुंदवाडीत आले. म्हणाले, "भावाला न्यायला मी उशीर केला. व्याह्याला करणार नाय." आणि कारभाऱ्याला गाडीत घालून व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरकडं घेऊन गेले. सोबत मी. डॉक्टर मनाचेच होते. ज्या खुर्चीवर बसायचं स्वप्न कारभारी इतकी वर्षं बघत होता, तिच्यावर तो बसला. शेजारच्या खुर्चीवर साहेबराव, त्याचा हात हातात घेऊन.

डॉक्टरांनी प्रेमानं विचारलं, "काका, त्रास कधी होतो?"

कारभारी म्हणाला, "चार माणसांत बसलं की."

आता सांगेल असं वाटलं. पण साहेबरावांनी मान डोलावली आणि म्हणाले, "तसंच असतंय, डॉक्टरसाहेब. संगतीनंच व्हतंय. माझ्या भावाचं बी तसंच व्हतं." बोलता बोलता त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. कारभाऱ्यानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मान हलवली. डॉक्टरांनी दारू सोडवायच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी त्याला आता घरीसुद्धा मळमळतं.

येताना क्रांती चौकात साहेबरावांनी गाडी थांबवली, व्याह्याला उसाचा रस पाजायला. कारभारी म्हणाला, "आज निर्जळी उपास आहे."

"बुधवारचा?"

"व्हय. नवीन धरलाय."

साहेबरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सुधारलात," म्हणाले. "खरंच सुधारलात." मग रसाचा ग्लास मला पाजला, मी पिलो, थंड होता.

परवा त्यांचा फोन आला होता. सत्यमनं पैठण रोडला फ्लॅट घेतलाय, वास्तुशांती आहे. भाऊबंदांना त्यांनी सांगून टाकलंय, की दवाखान्यानंतर माळ टिकली, शिक्षा संपली. ह्या वेळी व्याही पुढच्या पाटावर, त्यांच्या शेजारी. सगळ्यांसमोर फेटा बांधणार आणि राहिलेला घास स्वतःच्या हातानं भरवणार. पंचांग बघूनच तारीख काढलीय म्हणे, आणि बुधवारही टाळलाय, व्याह्यांचा नवीन उपास लक्षात ठेवून. कारभारी परवापासून ओट्यावर आलेला नाही. गयास सकाळी बाजारातून येताना त्याच्यासाठी लिंबं घेऊन आला, तर दार आतून लावलेलं होतं.